साठवण संपत का नाही? डबे, बरण्या आणि फ्रीजर तपासायचा क्रम

लक्षणं साधारण अशी असतात. तूरडाळीच्या डब्यात वरची डाळ पिवळीधमक आणि तळाची फिकट, पिठूळ. डब्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर बारीक भुकटी लागते. ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते. मुगाच्या दाण्यांना गोल भोकं दिसतात, शेवयांच्या डब्याच्या कोपऱ्यात कोळ्यासारखी जाळी. फ्रीजरमध्ये एकसारख्या पाच पिशव्या असतात. त्यातली भरताच्या गराची कुठली आणि पुरणाची कुठली, हे वितळल्याशिवाय कळत नाही. आमरस या आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) की मागच्या, यावर घरात दोन मतं. आणि एवढं सगळं असून किराण्याच्या यादीत दर महिन्याला डाळ असतेच.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की लोक पावसाळी हवेला किंवा दुकानदाराला दोष देतात. हवेचा हात असतो, नाही असं नाही. पण दरवर्षी तोच डबा बिघडत असेल तर कारण बहुतेक वेळा एकच निघतं: नवा माल जुन्या मालावर ओतला जातो. वरून काढायचं, वरूनच भरायचं. मग तळाचा दोन किलो माल तीन-तीन वर्षं हलत नाही. किडीला तेवढंच हवं असतं, अंधार आणि स्थिर माल. नव्या डाळीला कीड लागते ती त्या तळातून.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या कामापासून सुरू होतात. क्रम सोडू नका. फ्रीजवाल्या मिस्तरीला बोलवून शेवटी दाराच्या रबरात अडकलेला कढीपत्ता सापडला, असं पुष्कळ घरांत होतं.

पहिली तपासणी: कागद, पेन आणि भागाकार

एक दिवस फक्त मोजायचं. काही फेकायचं नाही, काही शिजवायचं नाही. प्रत्येक डबा खाली उतरवा, तळापर्यंत हात घाला आणि अंदाजे वजन लिहा. फ्रीजर शेवटी आणि झपाट्याने उरका. पिशव्या बाहेर दहा मिनिटांपेक्षा जास्त नकोत, मे महिन्यात तर पाचच.

मग भागाकार. चार माणसांच्या घरात रोज दीडशे ग्रॅम तूरडाळ लागते असं धरा. महिन्याला साडेचार किलो झाली. घरच्या तुरीची ४० किलो डाळ करून ठेवली असेल तर ती २६६ दिवस, म्हणजे जवळपास नऊ महिने पुरते. हिशोब बसतो. पण पोरं पुण्याला गेली आणि घरात दोघंच उरले, तर तीच ४० किलो दीड वर्ष चालते. मधे पौष-माघात नवी तूर येते. म्हणजे जुनी डाळ संपायची वेळच येत नाही. कितीही चाळा, कितीही ऊन दाखवा, हा डबा बिघडणारच. सासूबाईंनी आठ माणसांसाठी ठरवलेलं वर्षाचं भरणं दोघांसाठी तसंच चालू राहिलेलं असतं.

यादीत प्रत्येक जिनसापुढे किती दिवस पुरेल ते लिहा. ज्याचा आकडा पुढच्या पिकाच्या पलीकडे जातो, तो माल आत्ताच काढायचा. चांगला आहे तोवर वानोळा म्हणून द्या. कीड लागल्यावर कुणी घेत नाही आणि देणाऱ्यालाही लाज वाटते.

विकतच्या पाकिटांवरची तारीख नीट वाचा. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा टिकतो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलं असेल तर ती तारीख उलटल्यावर खायचं नाही. दोन्हींना एकच समजल्यामुळे चांगला रवा फेकला जातो आणि नको ते पाकीट मागे राहतं.

दुसरी तपासणी: नाक, बोट आणि जिभेचं टोक

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त उजेड हवा. माल परातीत पसरून दारात, उन्हाच्या कडेला बघा. ट्यूबलाइटखाली बुरशी नजरेतून सुटते.

बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो आणि दळल्यावर तो हवेला उघडा पडतो. चिमूटभर जिभेवर ठेवा, कडवट लागलं की विषय संपला. त्याला उपाय नाही. ज्वारीचं पीठ जास्त तग धरतं, पण जुनं झालं की चिकटपणा जातो आणि भाकरी चिरते. असं पीठ खराब नसतं. उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं की भाकरी जमते. नाहीतर ते कळण्याच्या पिठात मिसळा. कळण्यात चार वाटे ज्वारीला एक वाटा सालीचे उडीद असतात आणि उडदाचा चिकटपणा जुन्या ज्वारीला सावरून घेतो. मिसळताना एकास एक घ्या, त्यापुढे गेलात तर कळण्याची भाकर कळण्याची राहत नाही.

शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, आणि ज्यात खोबरं भाजून घातलंय तो काळा मसाला, यांचा वास खवट आला तर भाजून, तळून, लसूण वाढवून काहीही होत नाही. खवटपणा झाकत नाही, सगळ्या भाजीत उतरतो.

शेंगदाण्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. दाण्यावर हिरवट-पिवळी किंवा काळी बुरशी दिसली, दाणा सुरकुतलेला आणि चवीला कडू लागला, तर तेवढे दाणे वेचून बाकीचे वापरू नका. या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं आणि भाजल्याने किंवा उकळल्याने पूर्ण जात नाही. असे दाणे किंवा बुरशीचा मका गाई-म्हशीपुढेही टाकू नका. त्याच विषाचा अंश दुधात उतरतो आणि चहातून परत घरात येतो. पुरून टाका.

पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया नुसत्या सादळल्या असतील तर तासभर ऊन पुरतं. गुलाबी किंवा काळे ठिपके असतील तर टाका. गूळ पाझरला, काळवंडला, तरी कुबट वास नसेल तर चालतो.

तिसरी तपासणी: चाळण, ऊन आणि चार दिवसांची थंडी

आता किडीकडे. आधी कुठली आहे ते ओळखा, कारण त्यावर पुढचं ठरतं. गव्हा-ज्वारीत सोंड असलेला काळपट किडा म्हणजे सोंड्या. त्याची अंडी आणि अळी दाण्याच्या आत असते. मुगा-चवळीत गोल भोकं पाडणारे भुंगेरे, त्यांचंही तसंच. पिठा-रव्यात तांबडे बारीक किडे असतात. जाळी असेल तर ते पतंगाच्या अळीचं काम.

दाण्याच्या आत अळी असल्यामुळे नुसतं चाळून भागत नाही. चाळलं, डबा भरला, आणि महिन्याभरात तेवढेच किडे परत आले, ही या तक्रारीतली सगळ्यात नेहमीची ओळ. ते बाहेरून येत नाहीत, आतलेच मोठे होतात.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे खानदेशात ऊन हाच उपाय आहे. भुसावळकडचा पारा ४५ च्या वर जातो, आणि गच्चीवरचं दुपारचं पत्र्याचं किंवा फरशीचं तापमान त्याहून खूप जास्त असतं. धान्य दोन बोटांपेक्षा जाड पसरू नका, तासातासाने हात फिरवा, दोन दिवस करा. संध्याकाळी लगेच कोठीत भरू नका. इथेच चुकतं. गरम धान्य बंद डब्यात गेलं की त्याची वाफ झाकणाखाली पाणी होऊन बसते आणि वरच्या थराला बुरशी येते. पातळ कापड टाकून रात्रभर निवू द्या, सकाळी भरा.

श्रावणात ऊन नसतं, तेव्हा फ्रीजर वापरा. किलो-किलोच्या चपट्या पिशव्या, उणे १८ अंशाला पूर्ण चार दिवस. अंडी, अळी, किडा, तिन्ही मरतात. पिशवी जाड असेल तर मधला माल थंड व्हायलाच दीड दिवस जातो, म्हणून चपटी. बाहेर काढल्यावर पिशवी घराच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल थेट डाळीवर बसते. मग पाखडा, चाळा. मूग-चवळी पाण्यात टाका, पोखरलेले दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. अर्ध्याहून जास्त तरंगले तर सगळेच गेले.

डबा तोवर गरम पाण्याने धुऊन, दिवसभर उन्हात उपडा ठेवून, झाकणाच्या खाचेतली भुकटी जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढून तयार हवा. त्या खाचेतच अंडी राहतात. धान्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, धान्याला एरंडेल चोळा, दोन्ही चालतं, पण हे कीड लागू नये म्हणून. लागलेली कीड त्याने जात नाही. बोरिक पावडर लावलेलं धान्य दळायला देऊ नका. डाळ-तांदूळ आपण धुतो, गहू तसेच गिरणीत जातात.

चौथी तपासणी: चुलीवर काय होतं

माल स्वच्छ झाला तरी तो संपला पाहिजे. इथे बहुतेक जण अडतात, कारण जुना माल नेहमीच्या पद्धतीने शिजत नाही आणि ‘बिघडलाय’ म्हणून परत फळीवर जातो.

जुनी तूरडाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी कणीदार राहते. उष्ण, दमट जागी राहिल्याने दाण्याच्या पेशीभित्ती घट्ट होतात, शिजताना सुटत नाहीत. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. उपाय या क्रमाने करा: रात्रभर भिजवा, शिजवायला पिण्याचं हलकं पाणी घ्या, चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला (आंबट आधी पडलं की डाळ आणखी अडते). तरी नाहीच तर वाटीला चिमूटभर खाण्याचा सोडा. त्याने जीवनसत्त्वं थोडी जातात, म्हणून तो शेवटी.

पण खरं म्हणजे अशा डाळीचं वरण करायचा हट्टच कशाला? तिचे फुनके करावेत. त्यात डाळ मऊ शिजायची गरजच नसते. दोन वाट्या डाळ रात्रभर भिजवून चाळणीत अर्धा तास निथळा. पाण्याचा थेंब न घालता भरड वाटा, बोटांत धरली तर रव्यासारखी कणी लागली पाहिजे. पाच-सहा हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं यांचा ठेचा, मूठभर कोथिंबीर, बारीक चिरलेली कांद्याची पात, हळद, मीठ. मुठीत दाबून लांबट मुटके करा. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. तेल लावलेल्या चाळणीवर पंधरा ते वीस मिनिटं वाफवा, सुरी कोरडी निघाली की झालं. डाळ बारीक वाटली गेली तर फुनके दगडासारखे होतात. पाणी राहिलं तर वाफेत पसरतात, मग मूठभर बेसन घालायचं. गरम कढीत कुस्करून खायचे. दोन वाट्यांत चार जण जेवतात, म्हणजे आठवड्यातून एकदा केले तर महिन्याला किलोच्या वर जुनी डाळ निघते.

कुरडयांचा चुरा प्रत्येक घरात डब्याच्या तळाशी असतो. दोन मुठी चुरा कोमट पाण्यात दहा मिनिटं, दाबल्यावर वाकेल इतपतच भिजवा आणि लगेच निथळा. जास्त भिजला की त्याचा चिकाचा गोळा होतो. भरपूर कांदा, हिरवी मिरची, मोहरीची फोडणी, पाच मिनिटांत भाजी. मीठ चाखून घाला, कुरडईत आधीच असतं. बिबड्यांचा चुरा भाजून त्यावर कांदा, तिखट आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल. त्याला कृती म्हणायचीही गरज नाही.

फ्रीजरमधल्या वस्तू वापरताना एकच गोष्ट सारखी चुकते: सगळं ओट्यावर वितळवायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३५ अंशांवर असतं. बाहेरून वितळलेला भाग तासाभरातच जंतूंच्या सोयीचा होतो, आत अजून बर्फ असतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. मटार आणि तुरीचे ओले दाणे वितळवायचेच नाहीत, थेट उकळत्या आमटीत किंवा खिचडीत घाला. भरताचा गर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. सकाळी पाणी सुटलेलं दिसेल. बर्फाच्या स्फटिकांनी वांग्याच्या पेशी फुटलेल्या असतात, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. पाणी हलक्या हाताने निथळा, मग फोडणी. कांद्याची पात ताजीच घाला, गोठवलेली पात दोऱ्यासारखी होते. बामणोदकडची हिरवी-पांढरी वांगी गराला चांगली, बिया कमी. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. फक्त हिवाळ्यातला गर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवायचा अट्टहास नको.

तुरीचे दाणे काळपट आणि गवतासारखे लागत असतील तर ते न उकळता गोठवले होते. पुढच्या वेळी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि कोरडे करून पिशवीत. त्याने दाण्यातले विकर (एन्झाइम) थांबतात. आत्ताचे दाणे मसालेदार आमटीत खपवा. कोरडे पांढरे डाग दिसतात ते थंडीने वाळल्याचे, खाल्ले तर चालतात.

आमरस फुगलेल्या पिशवीत असेल, फेस किंवा दारूसारखा वास असेल तर तो मधे कधीतरी वितळून आंबलाय. टाका.

पाचवी तपासणी: फ्रीजर खरंच गार आहे का

इथून थोडा खर्च. आधी फुकटचं: दारात दहाची नोट अडकवून बंद करा आणि ओढा. अडखळत आली तर रबर ठीक. सळकन आली तर त्या जागी रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, खाचेतला कचरा काढा, परत बघा. चारही बाजूंनी करा. फ्रीज भिंतीपासून चार-सहा बोटं पुढे ओढा, मागची उष्णता बाहेर जायला वाट हवी. फ्रीजवरच्या पट्टीवर हवामान वर्ग ‘टी’ लिहिला असेल तर तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला आहे. पत्र्याच्या घरात दुपारी तोही दमतो, त्यात त्याचा दोष नाही. बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेला असेल तर बंद करून वितळवा. सुरी, उलथनं, पेचकस अजिबात नको. बर्फामागे गॅसची नळी असते.

मग फ्रीजरचा थर्मामीटर आणा, साधा दोन-तीनशे रुपयांत येतो. पिशव्यांच्या मधे चोवीस तास ठेवा. उणे १८ हवं. एका दाराच्या बऱ्याच फ्रीजांचा बर्फाचा कप्पा तिथवर जातच नाही. तसं असेल तर तो वर्षाची साठवण करायची जागा नव्हे, दोन-चार आठवड्यांपुरताच वापरा, आणि चार दिवसांची किडीची थंडी दुसऱ्याच्या फ्रीजरमध्ये द्या.

लाईट जाण्याचा हिशोब वेगळा. दार न उघडता गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास आणि खालचा कप्पा चारच तास थंड राहतो. गावाला जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. दूध, पुरण, शिजवलेलं, मांस टाकून द्या. नाणं वरच असेल तर निश्चिंत वापरा. वितळलेल्या पिशवीत बर्फाचे खडे अजून जाणवत असतील तर परत गोठवता येतं, चव थोडी जाते.

सगळं ठीक निघालं की पिशव्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून नाव आणि महिना लिहा. जुन्या पिशव्या पुढे, नव्या मागे. डब्यांचंही तेच: डबा पूर्ण रिकामा होऊन उन्हात उपडा पडल्याशिवाय त्यात नवं ओतायचं नाही. उरलेलं दोन वाट्या असेल तर ते बरणीत काढून ओट्यावर ठेवा, आधी तेच वापरलं जाईल. कानबाईच्या सणाआधी घर झाडून-पुसून निघतंच, तेव्हा ही फेरी उरकली तर वेगळा दिवस काढावा लागत नाही.

इथे हात थांबवा

रबर साफ, बर्फ काढलेला, बटण जास्त थंडीवर, आणि तरी चोवीस तासांनी उणे १० च्या खाली जात नसेल, किंवा कंप्रेसर थांबतच नसेल, तर मिस्तरी बोलवा. ‘गॅस भरून देतो’ एवढंच म्हणाला तर गळती कुठे होती ते आधी विचारा. गळती न शोधता भरलेला गॅस काही महिन्यांत परत जातो. दाराला झिणझिण्या आल्या किंवा जळका वास आला तर फ्रीजला हात न लावता मेन स्विच बंद करा. बर्फ खरवडताना फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा, बटण चालू-बंद करू नका, गॅसची शेगडी पेटवू नका. नव्या फ्रीजांतला आर-६००ए हा गॅस पेट घेतो.

धान्याची मोठी कोठी दोनदा वाळवून, चाळूनही कीड परत आली, किंवा किडे भिंतीच्या भेगांतून निघताना दिसले, तर परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याला दाखवा. घरात, विशेषतः झोपायच्या खोलीतल्या कोठीत, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः कधीही टाकू नका. कुणी ‘एकच गोळी, कापडात बांधून’ असं सांगितलं तरीही. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि त्याने आख्खी घरं गेली आहेत.

जुनं काही खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद होणं, दोन-दोन दिसणं किंवा गिळायला त्रास, यातलं काहीही असेल, किंवा आजारी पडलेलं माणूस लहान मूल, म्हातारं किंवा गरोदर असेल, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८. उरलेलं अन्न घाईने फेकू नका. डबा झाकण लावून सोबत न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.